रुतणारे चाक आणि फुटणारे चाक

गेल्या महिन्याच्या टपालात देवरी तालुक्यातून एका भगिनींचे पत्र आले. आपल्या घरचा एक वाद त्यांनी आमच्यापुढे निकालासाठी ठेवला आहे, आणि तो विषय या पृष्ठावर कधी येईल असे आम्हांस स्वप्नातही वाटले नसते. त्यांचे थोरले दीर धानाच्या वाहतुकीचा व्यवसाय करतात; घरचे दोन ट्रक आहेत. धाकट्या जावेचा मुलगा सैन्याच्या यांत्रिकी दलात भरती झाला आहे. दिवाळीच्या रजेत तो घरी आला असता फराळाच्या वेळी गोष्ट निघाली ती सैनिकी ट्रकच्या चाकांवर गेली. काका म्हणाले, टायर रिमशी जखडून टाकणारे बीडलॉक हेच खरे. पुतण्या म्हणाला, टायरच्या पोटात बसवलेले रनफ्लॅट कडे हेच खरे. दोन दिवस माजघरापर्यंत आवाज येत होता म्हणे. परंतु पत्राच्या अखेरीस भगिनी लिहितात, "जाऊबाईंचा प्रश्न निराळाच आहे. त्या म्हणतात, पोराला भलत्या जागी उभे करणार नाही असे चाक कोणते, तेवढे मास्तरांना विचारा."

आमच्या मते तिघांत नेमका प्रश्न जाऊबाईंनीच विचारला आहे. काका-पुतण्यांनी उपाय आधी धरला आणि रोग मागाहून शोधला. जाऊबाईंनी रोगापासून आरंभ केला.

प्रथम शब्दांची सोय लावू. चाळीस वर्षे मुलांना संस्कृत शिकवले, तेव्हा परकी वस्तू दिसली की तिला नाव ठेवण्याची खोड जडली आहे ती आता सुटणे नाही. बीडलॉक यास आपण 'कडबंध' म्हणू आणि रनफ्लॅट कड्यास 'अंतर्वलय' म्हणू. ज्यांस ही नावे रुचणार नाहीत त्यांनी मूळचीच वापरावी. वस्तू तीच राहते.

बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव कशी चढवतो ते खेड्यात वाढलेल्या वाचकांनी पाहिले असेल. लोखंडाची धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहानच करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवतात, म्हणजे ती फुगते. मग चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. चर्र आवाज होऊन वाफेचा लोट उठतो, धाव आकसते आणि लाकडाला अशी कवटाळते की ती पुढे वर्षानुवर्षे हलत नाही. मोटारीच्या टायरचे तसे नाही. टायर ही रबराची पोकळ नळी, आतल्या अंगाने उघडी. तिच्या दोन्ही कडांत पोलादी तारांचा वेढा असतो. त्या कडेलाच कारागीर बीड म्हणतात. ही कड रिमवर घट्ट बसते खरी, पण तिला रिमच्या उभ्या काठाशी दाबून धरण्याचे काम मुख्यत्वे आतली हवा करते. हवा पुरेशी आहे तोवर टायर व रिम एकजीव असतात. हवा कमी झाली की पकड ढिली पडते, आणि मग एखाद्या वळणावर टायर रिमवरून उतरतो, किंवा रिम आतल्या आत फिरते आणि टायर जागीच राहतो. ट्यूब असेल तर तिचा वॉल्व्ह उपटून निघतो.

आता हवा कमी होण्याचे प्रसंग दोनच. एक, आपण होऊन ती काढतो. दुसरा, आपल्या इच्छेविरुद्ध ती जाते. कडबंध हा पहिल्या प्रसंगाचा उपाय आहे आणि अंतर्वलय हा दुसऱ्याचा. एवढे ध्यानात आले असते तर फराळ गोडीत पार पडता.

आपण होऊन हवा काढणारा शहाणा कोण, असे कोणी विचारील. त्यास आम्ही कर्णपर्वाकडे बोट दाखवू. युद्धाच्या सतराव्या दिवशी कर्णाच्या रथाचे डावे चाक भूमीने गिळले. तो खाली उतरून चाक उचलू लागला, अर्जुनास थांबण्याची विनंती करू लागला, आणि तेथेच त्याचा अंत झाला. शाप, धर्म, श्रीकृष्णाचे उत्तर या गोष्टी कीर्तनकारांनी पुष्कळ रंगवल्या आहेत. पण निव्वळ चाकाच्या दृष्टीने पाहिले तर अरुंद धावेवर सारा भार आला आणि जमीन मऊ होती, एवढाच त्याचा अर्थ. उत्तम धनुर्धारी, उत्तम रथ, आणि घात झाला तो चिखलाने.

येथे थोडे गणित करू. शाळेतील मुलासही जमेल असे आहे. एका चाकावर सुमारे ४४०० पौंडांचा, म्हणजे दोन टनांचा, भार आहे असे धरा. टायरमध्ये दर चौरस इंचास १०० पौंड दाबाची हवा असेल, तर तो भार तोलण्यास जमिनीशी सुमारे ४४ चौरस इंचांचा स्पर्श पुरतो; म्हणजे ११ इंच लांब व ४ इंच रुंद असा तुकडा. हवा २५ पौंडांवर आणली की स्पर्शाची जागा चौपट होते, १७६ चौरस इंच. ११ इंच लांब तर १६ इंच रुंद म्हणा, अथवा उलट. टायरच्या भिंतीही काही भार पेलतात म्हणून हे गणित अगदी काटेकोर नव्हे. दिशा मात्र तीच. भार तोच, पण जमिनीवरचा दाब चौथाई. आमच्याकडे आषाढात बांधीतल्या चिखलातून पलीकडे जायचे असले की शेतकरी भात्याणावर फळी टाकतो, ती याच हिशेबाने. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात त्यांचाही हेतू चिखलात न रुतणे हाच. मात्र तीच चाके डांबरी रस्त्यावर आणली की रस्त्याची चाळण होते. सर्व जमिनींना सारखे मानवणारे चाक अद्याप कोणी घडवलेले नाही.

तेव्हा वाळूत व चिखलात जाणारा चालक हवा मुद्दाम उतरवतो. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेच्या डक नावाच्या ट्रकला, जो पाण्यातही पोहत असे, चालकाने आपल्या आसनावरूनच टायरची हवा कमी-अधिक करावी अशी सोय होती. समुद्रातून वर येताना किनाऱ्याच्या वाळूत तो रुतू नये म्हणून. पुढे रशियन ट्रकांत ही सोय सर्रास झाली. परंतु हवा उतरवली की कडेची पकड सुटण्याचा धोका आलाच, आणि येथे कडबंध लागतो. त्याच्याही दोन जाती आहेत. एकीत रिमच्या बाहेरच्या अंगास पोलादी कडे बसवून, पुष्कळ बोल्टांनी टायरची बाहेरची कड त्या कड्याखाली चिमटीत धरतात. शर्यतीच्या व हौशी लोकांच्या गाड्यांना जे दिसते ते हेच, आणि काकांनी बहुधा हेच पाहिले असावे. दिसायला ते मोठे रुबाबदार. पण धरते सहसा एकच कड, आणि त्यातील प्रत्येक बोल्ट वरचेवर तपासून आवळत बसावा लागतो. दुसरी जात सैन्याची. तीत चाकच दोन तुकड्यांचे असते. टायरच्या आत, दोन्ही कडांच्या मधोमध एक रुंद कडे ठेवतात आणि दोन्ही तुकडे बोल्टांनी आवळतात; म्हणजे आतले कडे दोन्ही कडांना बाहेर रेटून रिमच्या काठांशी जखडून टाकते. झिल-१३१ या रशियन ट्रकच्या चाकात असेच कडे असे. त्यात हवा अगदी थोडी उरली तरी टायर रिमवर फिरत नाही व उतरत नाही.

इतका वेळ काकांची बाजू झाली. आता पुतण्याची.

दशरथाच्या रथाचे चाक निखळू लागले तेव्हा कैकेयीने आसाच्या जागी आपला हात घातला आणि रणातून रथ बाहेर काढला, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात हात घातल्याचा उल्लेख नाही. तेथे मूर्च्छित दशरथास कैकेयीने रणभूमीवरून दूर नेले एवढेच आहे. हाताची कथा मागाहूनच्या पुराणांतली व कीर्तनांतली. पण जिने कोणी ती रचली तिला वा त्याला युद्धातील चाकाचे मर्म कळले होते. चाक मोडले तर ते दुरुस्त करण्याची ती वेळ नव्हे. मोडक्या चाकानिशी शत्रूच्या बाणांच्या टप्प्याबाहेर जाणे हेच त्या घटकेचे कार्य. अंतर्वलय म्हणजे कैकेयीचा हात होय.

शांततेच्या काळी यावर सोपा उपाय आहे, तो म्हणजे स्टेपनी. हा शब्द आपण इतका मराठी करून टाकला आहे की तो कोठून आला हे कोणी विचारीत नाही. वेल्समध्ये लानेली नावाचे गाव आहे; तेथल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरील डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारींसाठी जादा चाक विकण्यास आरंभ केला, आणि त्या रस्त्याचे नाव आपल्या महामार्गावरील प्रत्येक पंक्चरच्या दुकानात जाऊन बसले. स्टेपनी उत्तम, पण ती बदलायला खाली उतरावे लागते, जॅक लावावा लागतो, आणि ट्रकचे चाक एकट्या माणसाने उचलण्याजोगे नसते. देवरीच्या पुढे महामार्गावर काकांचा टायर फुटला तर अर्धा-पाऊण तास व थोडा घाम, एवढीच हानी. जेथे टायर गोळीने फोडला जातो तेथे फोडणाऱ्याची इच्छाच मुळी गाडी उभी राहावी आणि माणसे खाली उतरावीत अशी असते.

म्हणून टायरच्या पोटात, रिमभोवती, रबराचे किंवा कठीण प्लॅस्टिकसारख्या द्रव्याचे जाड कडे बसवतात. हवा असते तोवर ते नुसते फिरत राहते, त्याला काही काम नसते. हवा गेली की टायर त्याच्यावर टेकतो आणि गाडीचा भार ते पेलते. अशा चाकावर साधारणतः ताशी ५० किलोमीटरच्या आतल्या वेगाने पन्नासएक किलोमीटर जाता यावे अशी अपेक्षा ठेवतात. प्रत्यक्ष आकडा गाडी, भार व रस्ता यांवर अवलंबून. यात उष्णतेचे मोठे भय असते. रिकामा टायर आतल्या कड्यावर घासतो, तापतो, आणि फार ताणले तर पेट घेतो. यासाठी आत एक बुळबुळीत वंगण भरून ठेवतात. त्या प्रवासानंतर टायर टाकूनच द्यावा लागतो. आणखी एक विचित्र गोष्ट अशी की, हे कडे आपले काम इतके बिनबोभाट करते की हवा गेल्याचे चालकास कळतही नाही. म्हणून हवेचा दाब दाखवणारे यंत्र सोबत हवेच. नाही तर पन्नास किलोमीटरांची मर्यादा केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली, कोणास ठाऊक!

इथवर दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरले. परंतु दोघांच्याही ध्यानात न आलेली गोष्ट पुढेच आहे. नुसता कडबंध असेल आणि टायर फुटला, तर टायर रिमवर राहील, पण चिंध्या होऊन राहील. गाडी थोडे अंतर रखडत जाईल इतकेच. उलट नुसते अंतर्वलय असेल, कडा जखडलेल्या नसतील आणि फुटलेल्या टायरनिशी गाडी चिखलात शिरली, तर वळताना टायर रिमवरून उतरून पडेल. मग उरले रिमवरचे अरुंद कडे, आणि ते कर्णाच्या चाकासारखे थेट भूमीत जाईल. डांबरी रस्त्यावर जो हात रथ तारतो तो चिखलात तारत नाही. आमच्या जिल्ह्याला हेच लागू पडते. जून ते ऑक्टोबर येथे महामार्ग सोडून चार पावले बाजूला गेले की दोन्ही हातांना धानाच्या बांध्या, तळ्यांचे सांडवे व नाले. चिचगड किंवा सालेकसा भागातील जंगलवाटांवर गाडीला रस्ता सोडावा लागला तर फुटणे व रुतणे ही दोन संकटे पाठोपाठ नव्हे, एकत्रच यायची.

सैन्याच्या कारागिरांनी या गाठीचा विचार फार पूर्वी केला आहे. दोन तुकड्यांच्या बोल्टांनी आवळलेल्या चाकात रबराचे अंतर्वलय इतके रुंद करायचे की ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचावे. चाक आवळले की ते दाबले जाते, दोन्ही कडांना रेटून धरते, आणि हवा गेली की भारही पेलते. एकच कडे दोन्ही कामे करते. तेव्हा काका-पुतण्यांचा वाद 'हे की ते' असा नसून, 'हे वेगळे व ते वेगळे घ्यावे, की दोन्ही एकात घ्यावे, की काहीच घेऊ नये' असा आहे.

काहीच न घेणे हाही पर्याय आहे, आणि बहुसंख्य ट्रकांना तोच योग्य होय. याचे कारण वजन व पैसा. मोठ्या ट्रकच्या टायरातील रबरी अंतर्वलय चाकागणिक कित्येक किलो भर घालते. हे वजन स्प्रिंगांच्या खाली, चाकातच असते, म्हणून ते पाठीवरच्या ओझ्यापेक्षा अधिक जाचते. प्रत्येक खड्ड्यात चाक अधिक जोराने आदळते, ब्रेकला अधिक श्रम पडतात, सुकाणू जड होते, डिझेल जास्त लागते. शिवाय ते बसवणे हे रस्त्यावरच्या कारागिराचे काम नव्हे. रबराचे ते कडे पट्ट्याने आवळून लहान करावे लागते तेव्हा कोठे ते टायरच्या पोटात शिरते. साधे पंक्चर काढायचे तरी सारे चाक उकलणे आले. जी गाडी तांदळाची पोती आगारातून छावणीत नेते, तिला हा जाच कशाला? तिला चांगले टायर, योग्य हवा, दोन जॅक आणि एक धडधाकट स्टेपनी पुरे.

येथे काकांच्या ट्रकची एक खुबी सांगितली पाहिजे. मालट्रकला मागे जोडचाके असतात; एक फुटले तरी शेजारचे काही काळ भार घेते. हे एक प्रकारचे गरिबाचे अंतर्वलयच, आणि ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. पण चिखलवाळूत चालणाऱ्या सैनिकी ट्रकांना बहुधा मागेही एकेकच मोठे चाक देतात, कारण मागचे चाक पुढच्याने पाडलेल्या चाकोरीतून गेले की ओढ कमी लागते. जोडचाके असली तर बाहेरच्या चाकाला नवी चाकोरी पाडावी लागते आणि दोहोंच्या फटीत चिखल व दगड अडकतात. चिखलातली सोय पत्करली की जोडचाकाचा आधार सुटतो. ज्याला आपण सैनिकी चाकाचा प्रश्न म्हणतो तो येथून जन्मास आला.

आमच्या गोंदियाहून बालाघाट-नैनपूरवरून जबलपूरला जाणारी रेल्वे पूर्वी अरुंद रुळांची होती, आता रुंद झाली आहे. त्या वाटेच्या शेवटी जबलपुरात सैन्याच्या ट्रकांचा कारखाना आहे. १९६९ साली तो निघाला. शक्तिमान, जोंगा, आणि पुढे स्टॅलियन व एलपीटीए हे ट्रक तेथे बनत गेले. २०२१ पासून तो आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीकडे आहे. आपल्या सैन्याच्या मालवाहू ट्रकांत ट्यूबचे टायर व रिंग लावून बंद करायचे रिम ही पद्धत दीर्घकाळ चालत आली. अशा रिममध्ये ट्यूब असल्यामुळे अंतर्वलयाला जागाच नसते. आणि कडबंध हवा तर चाकाची घडणच बदलली पाहिजे. म्हणून दोहोंपैकी काहीही निवडले तरी प्रथम ट्यूब जाते, मग रिम जाते, मग पंक्चर काढण्याची हत्यारे आणि कारागिराचे शिक्षण बदलते. निवड चाकाच्या एका भागाची नसून साऱ्या चाकाची असते, हे पुतण्याने आपल्या वहीत टिपून ठेवावे. त्याला पुढे हेच काम करायचे आहे. चिलखती गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांची चाके आरंभापासूनच गोळीचा विचार करून आखतात.

आता जाऊबाईंना उत्तर. त्यांच्या मुलाची गाडी सामान वाहणारी असेल तर त्यांनी चाकाची चिंता सोडून द्यावी. वाळवंटात वा चिखलात जाणारी, पण गोळीच्या टप्प्याबाहेरची असेल, तर तिला आतून धरणारा कडबंध आणि हवा कमी-अधिक करण्याची सोय असावी. जिच्यावर गोळी येऊ शकते, आणि जिच्यात माणसे बसतात, तिला दोन्ही कामे करणारे रबरी अंतर्वलय असावे. येथे वजनाची व खर्चाची सबब आम्ही ऐकून घेणार नाही. तिन्ही ठिकाणी निवडीचे सूत्र एकच: गाडी जेथे उभी राहील तेथे खाली उतरणे माणसाला परवडेल काय?

परंतु उत्तर येथे थांबवले तर ते अर्धसत्य होईल. १ मे २०१९ रोजी शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ, सुरुंगाने उडवलेल्या गाडीत १५ पोलीस जवान व गाडीचा चालक असे १६ जण मृत्यू पावले. गाडी खाजगी होती, साधी होती. आमच्या जिल्ह्याची दक्षिण व पूर्व सीमा त्या प्रदेशाला लागूनच आहे; त्या महाराष्ट्रदिनाची संध्याकाळ येथील कित्येक घरांत न जेवता गेली. त्या गाडीला जगातील सर्वोत्तम चाके असती तरी काही उपयोग नव्हता. सुरुंगापुढे कडबंध व अंतर्वलय दोन्ही व्यर्थ. तेथे तळ उतरत्या आकाराचा असणारी, स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंस फाकवणारी जड गाडी लागते, आणि त्याहून अधिक म्हणजे कोणत्या वाटेने केव्हा जावे व केव्हा जाऊ नये याचा विवेक लागतो. अलीकडच्या काळात शस्त्रे खाली ठेवल्याच्या वार्ताही या जिल्ह्याने ऐकल्या आहेत. तरी चाकावर भिस्त ठेवून कोणी वाटेचा विचार सोडू नये.

आणखी एक धोका आहे, तो शत्रूकडून येत नाही. दोन तुकड्यांच्या चाकाला दोन प्रकारचे नट असतात: चाक गाडीला बांधणारे, आणि चाकाचे दोन तुकडे एकमेकांस बांधणारे. टायर फुगलेला असताना दुसऱ्या प्रकारचे नट कोणी सोडले, तर आत कोंडलेली हवा कित्येक टनांच्या जोराने ते तुकडे दूर फेकते आणि समोरचा माणूस जागच्या जागी मरतो. ब्रिटिश सैन्यात असे नट तांबड्या रंगाने रंगवीत, की अंधारात घाईत पाना चालवणाऱ्यासही इशारा मिळावा. तांबडा नट दिसला की आधी वॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडायची, मग पाना लावायचा. पुतण्या ज्या कर्मशाळेत असेल तेथे नट कोणत्या रंगाचे आहेत, हे त्याने पहिल्या दिवशीच विचारलेले असेल अशी आमची खात्री आहे. नसल्यास परतल्याबरोबर विचारावे.

आणि काकांनी हसू नये, कारण हा धोका त्यांच्या ओट्यासमोरच उभा आहे. रिंगच्या रिममध्ये हवा भरताना रिंग खाचेत नीट बसली नसेल तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. अमेरिकेत १९८० साली नियमच झाला, की अनेक तुकड्यांच्या ट्रक-चाकांत हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवले पाहिजे आणि भरणाऱ्याने रिंगच्या मार्गातून दूर उभे राहिले पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ पंक्चरवाले चाकाच्या भोकांतून लोखंडी पहार आडवी घालतात; काहीच न करण्यापेक्षा ते बरे. तथापि पिंजरा तो पिंजरा.  गंजलेली किंवा वाकलेली रिंग हातोड्याने ठोकून पुन्हा लावू नये, ती भंगारात द्यावी. भरलेल्या टायरवर हातोडा मारणारा कारागीर दिसला तर त्याच्या हातून पाना काढून घ्यावा आणि मुलांना अंगणातून आत बोलवावे.

जागा संपत आली. तिरोड्याच्या एका वाचकांनी विहिरीच्या पाण्यातील क्षारांविषयी विचारले आहे. त्याचा विचार पुढील अंकी.